आधी गारवा, मग गॅस

उन्हाळ्यात आमच्या शहापूर तालुक्यातून नाशिककडे जाणाऱ्याला रस्त्याकडेला दोन गोष्टी हमखास दिसतात. एक पाण्याचा टँकर आणि दुसरी सोड्याची गाडी. टँकरबद्दल दरवर्षी बातम्या येतात, मोर्चे निघतात. सोड्याच्या गाडीबद्दल मात्र कुणी काही लिहीत नाही. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं.

सोडा पिणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. "अर्धा ग्लास फेस, अर्धा सोडा, पैसे मात्र पूर्ण!" फेस बसेपर्यंत थांबावं तर सोडा मुळमुळीत होतो. लगेच प्यावा तर नाकातोंडात नुसती हवा. मग गिऱ्हाईक म्हणतं, सोडावाला लबाड आहे. सोडावाला म्हणतो, आज गॅस जास्त झालाय. मला वाटतं, दोघांचंही चुकतं. बहुतेक वेळा तो फेस लबाडीचा नसतो आणि जास्तीच्या गॅसचाही नसतो. तो उन्हाचा असतो.

आता जरा शाळेतलं विज्ञान, पण थोडंच. घाबरू नका.

सोडा म्हणजे पाण्यात दाबाने विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड. ही युक्ती 1772 साली जोसेफ प्रिस्टली या इंग्रज माणसाने छापून प्रसिद्ध केली. पुढे 1803 मध्ये विल्यम हेन्रीने त्याचा नियम सांगितला, की दाब दुप्पट केला तर गॅसही दुप्पट विरघळतो. हा भाग बहुतेकांना माहीत असतो. विसरला जातो तो दुसरा भाग, म्हणजे पाणी जितकं गार तितका त्यात गॅस जास्त मावतो. आपल्या नेहमीच्या हवेच्या दाबाला शून्य अंशाच्या एक लिटर पाण्यात साधारण 1.7 लिटर गॅस विरघळतो. तेच पाणी 20 अंशांना असेल तर 0.9 लिटरच्या आसपास, आणि 40 अंशांना जेमतेम अर्धा लिटर. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या टपरीत ठेवलेल्या पिंपातलं पाणी किती तापतं, हे मी सांगायला नको.

बाजारातल्या कोल्ड्रिंकमध्ये एक लिटरला साडेतीन ते चार लिटर गॅस असतो. साडेतीन धरून चालू. पाणी 5 अंशांना असेल तर इतका गॅस अडीच पट दाबाला गपगुमान बसतो. पाणी 35 अंशांना असेल तर त्याच कामाला जवळजवळ सहा पट दाब लागतो. आता तोटी उघडा. गार पाणी अडीच पटीवरून एकावर येतं, गरम पाणी सहावरून एकावर. गरम पाण्यातला गॅस उसळून बाहेर येणारच. तोच फेस.

आता पाहा, सोडा फसफसतोय पण प्यायला मुळमुळीत लागतोय, असं दिसल्यावर आपले लोक काय करतात? सिलिंडरची चावी आणखी फिरवतात! गॅस टिकत नाही म्हणून गॅस वाढवायचा. म्हणजे गळक्या हंड्यात जास्त जोराने पाणी ओतण्यासारखं झालं. फेस वाढतो, सिलिंडर लवकर संपतो आणि शेवटी सोडावाल्याच्याच तोंडाला फेस येतो.

हे सगळं आत्ता आठवायला कारण आहे. माझा भाचा आसनगावच्या रस्त्याला सोड्याचं मशीन टाकायचं म्हणतोय. ताईने बचत गटातून कर्ज काढायची तयारी केली आहे. मशीन विकणाऱ्याने त्याला सोळा फ्लेवरचं, रंगीत दिव्यांचं मशीन दाखवलं. भाचा खूष. मला फोन करून म्हणाला, "मामा, सोळा फ्लेवर! हायवेच्या गिऱ्हाइकाला असलंच लागतं." मी एवढंच विचारलं, "अरे, त्याच्यात पाणी किती गार होतं? आणि लाइट गेली तर किती वेळ गार राहतं?" त्याने मशीनवाल्याला विचारलं. मशीनवाला म्हणाला, "त्याची काळजी करू नका, गॅस वाढवता येतो."

बघा! म्हणूनच हा लेख.

माझं मत सरळ आहे. हातात थोडे पैसे असतील तर आधी गारवा घ्यावा, मग गॅस, आणि फ्लेवर सगळ्यात शेवटी. लिंबू, जिरं, कोकम आणि साधा, एवढ्या चार प्रकारांवर आपल्याकडची गाडी चालते. गिऱ्हाईक पुन्हा येतं ते सोडा गार आणि झणझणीत असेल म्हणून. सोळावा फ्लेवर कोमट असेल तर त्याचं कौतुक एकदाच होतं.

गारवा म्हणजे नुसता मोठा कॉम्प्रेसर नव्हे. आमच्याकडची वीज म्हणजे कशी, हे घरच्यांना माहीत आहेच. 2005 नंतरच्या काही वर्षांतलं भारनियमन आठवतंय ना? आता तसं राहिलेलं नाही, पण वळवाचा वारा सुटला की तारा तुटायच्या त्या तुटतातच. म्हणून गारवा साठवता आला पाहिजे, आणि गारवा साठवायची सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे बर्फ. एक किलो बर्फ नुसता वितळताना चार लिटर पाणी 20 अंशांनी गार करतो. रात्री वीज बरी असते तेव्हा पाण्याच्या टाकीभोवती बर्फ जमवून ठेवायचा आणि दुपारी तो वापरायचा, अशा पद्धतीची मशीन मिळतात. दिसायला ती साधी असतात. दिवे लुकलुकत नाहीत. पण दुपारी दोन वाजता वीज गेली तरी त्यांचा सोडा सोड्यासारखा राहतो.

पाणी गॅस मिसळायच्या आधी गार असायला हवं, नंतर नव्हे. आणि टाकीपासून तोटीपर्यंतची नळीसुद्धा गार हवी. बराच वेळ गिऱ्हाईक आलं नाही की पुढचा पहिला ग्लास नेहमी फेसाळ निघतो, तो नळीत तापून बसलेल्या पाण्यामुळे. नळी आखूड ठेवावी, तिच्यावर फोमचं वेष्टण घालावं आणि तोटी पूर्ण उघडावी. अर्धवट उघडलेल्या तोटीतून सोडा फवाऱ्यासारखा उडतो आणि आणखी फसफसतो.

गोटीसोडावाल्यांना यातलं बरंच काही पुस्तकाशिवाय कळलेलं होतं. हिरम कॉड या इंग्रजाने 1872 मध्ये पेटंट घेतलेली ही बाटली. आतल्या गॅसचा दाबच गोटीला वर रबराच्या कड्यावर दाबून धरतो, वेगळं बूच लागतच नाही. मुरबाडजवळ म्हशाच्या जत्रेत पौषातल्या थंडीत गोटी फोडली की नुसता टचकन आवाज येतो आणि सोडा बाटलीतच राहतो. तीच बाटली वैशाखात फोडली तर मनगटापर्यंत हात भिजतो. बाटली तीच, गोटी तीच, भरणारा माणूसही तोच. बदललं ते फक्त ऊन. म्हणून तर जुने सोडावाले बाटल्या ओल्या गोणपाटाखाली ठेवायचे. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये हवा कोरडी असते तेव्हा गोणपाट चांगलं काम करतं. पावसाळ्यात हवाच ओली, तेव्हा त्याचा उपयोग नाही.

आता ग्लासाकडे येऊ, कारण उरलेला फेस ग्लासात तयार होतो. बुडबुड्याला जन्मायला खडबडीत जागा लागते. मीठ, जलजिऱ्याची पूड, बर्फावरचा भुगा, ग्लास पुसलेल्या फडक्याचे तंतू, या सगळ्या त्याच्या जागा. भरलेल्या सोड्यात वरून मीठ टाकलं की जो ज्वालामुखी होतो, तो यामुळेच. लिंबू सोडा करताना मीठ, साखर, मसाला आधी लिंबाच्या रसात आणि चमचाभर पाण्यात पूर्ण विरघळवावा, मग ग्लास तिरका धरून कडेने सोडा सोडावा. पोरं वरून धार धरून करामत दाखवतात. बघायला मजा येते, पण त्या धारेत निम्मा गॅस उडून जातो. फ्रान्समध्ये 2010 साली शॅम्पेनवर असाच प्रयोग झाला होता. ग्लास तिरका धरून आणि वाइन गार ठेवून ओतली तर गॅस जास्त टिकतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. शॅम्पेनला जे लागू, ते शहापूरच्या लिंबू सोड्यालाही लागू.

ग्लास गार पाण्याने विसळून ओलाच वापरावा, कोरड्या फडक्याने पुसू नये. उन्हात पालथे घातलेले स्टीलचे ग्लास तर फेसाचे कारखानेच.

घरच्या मंडळींसाठीही दोन ओळी. बाटली एसटीतून किंवा मोटारसायकलच्या डिकीतून हादरत आली असेल तर लगेच उघडू नका. हादऱ्याने आत बारीक बुडबुडे होतात आणि झाकण उघडताच ते फुगून सोड्याला बाहेर ढकलतात. बाटली गार करा आणि थोडा वेळ उभी ठेवा, ते आपोआप वर जातात. कॅनवर टिचक्या मारल्या की फेस येत नाही, असा समज आहे. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2019 साली बिअरच्या हजाराहून जास्त कॅनवर हे करून पाहिलं, टिचक्यांनी काही फरक पडला नाही. घाई असेल तर बाटली नुसत्या बर्फात खोचू नका, बर्फ-पाण्यात बुडवा. पाणी बाटलीला सगळीकडून चिकटतं, म्हणून ती लवकर गार होते. आणि काचेची बाटली फ्रीजरमध्ये विसरू नका, फुटते.

दोन गोष्टी गमतीच्या नाहीत. पहिली म्हणजे सिलिंडर. तो सावलीत, उभा आणि साखळीने बांधलेला हवा. हा गॅस हवेपेक्षा जड, त्याला वास नाही. बंद टपरीत गळला तर तळाला साठतो आणि माणूस गुदमरतो. रात्री टपरीतच झोपणाऱ्या पोरांनी हे नीट लक्षात ठेवावं. दुसरी गोष्ट बर्फाची. महाराष्ट्रात 2018 मध्ये अन्न व औषध प्रशासनाने खायचा नसलेल्या बर्फाला निळसर रंग घालायला सांगितलं. तो बर्फ मासळीसाठी, कारखान्यांसाठी. पण ग्लासात टाकलेल्या बर्फाचं मूळ पाणी कुठलं, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. माझं म्हणणं, बर्फ ग्लासाबाहेर राहू द्या. त्याने टाकी गार करा, सोडा गार करा, म्हणजे ग्लासात बर्फ टाकायची वेळच येणार नाही. फेस कमी, पोट बरं आणि सोडाही पातळ होत नाही.

इथे पुन्हा त्या टँकरकडे यावं लागतं. तानसा 1892 पासून मुंबईला पाणी देतंय, भातसाही देतंय. दोन्ही आमच्या तालुक्यात. आणि आमच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर. अशा गावात सोड्याची गाडी लावणारा माणूस पाणीसुद्धा जारने विकत घेतो. म्हणजे फेसाबरोबर उतू जाणारं पाणी त्याने पैसे मोजून आणलेलं असतं. हा फेस त्याच्या फायद्याचा आहे, असं म्हणणाऱ्यांनी एवढा हिशेब करून पाहावा. थोडेफार लबाड असतीलही, नाही म्हणत नाही. पण बहुतेकांना फेस नकोच असतो. तो कसा घालवायचा, हे मशीन विकणारा त्यांना सांगत नाही, कारण त्याला फ्लेवर विकायचे असतात.

मग गिऱ्हाइकाने काय करायचं? फेसाबद्दल भांडण्यापेक्षा एक साधी मागणी करावी. जर्मनीत तोटीवरून पेय विकायचं तर ग्लासावर मापाची रेघ असावीच लागते. रेघेपर्यंत पेय, फेस तिच्या वर. वाद मिटला. आपल्याकडे यासाठी कायद्याची वाट कशाला पाहायची? शंभर ग्लासांवर रेघ मारून घ्यायला असा कितीसा खर्च येणार?

ताई, हे तू वाचशीलच. कर्ज काढायला माझी ना नाही, पोरगा कष्टाळू आहे. फक्त त्याला सांग, मशीन बघायला जाशील तेव्हा खिशात थर्मामीटर घेऊन जा, आणि भर दुपारी जा. तोटीतून लागोपाठ दहा ग्लास काढ आणि दहाव्या ग्लासात थर्मामीटर बुडव. चार-पाच अंश दाखवलं तर पैसे दे. पंधरा दाखवलं तर सोळा फ्लेवर असले तरी परत ये. आणि गाडी सुरू करशील त्या दिवशी ग्लासांवर रेघ मार, मागे पाटी लाव: "रेघेपर्यंत सोडा, वरचा फेस फुकट."