तीस सेकंदांची नोकरी

नुमाईशचे दिवे मालवले की आमच्या नामपल्लीस परीक्षांचे वेध लागतात. अशाच एका संध्याकाळी एक जुने स्नेही सहकुटुंब घरी आले. सोबत चिरंजीव होते. स्नेह्यांचे पणजोबा निजामाच्या राज्यात परभणीहून नोकरीनिमित्त इकडे आले आणि इकडचेच झाले. चिरंजीव पाचव्या पिढीचे. घरात मराठी, मित्रांत दखनी आणि मैदानावर तेलुगू, असा त्यांचा संसार. पोहे झाले, चहा झाला, तरी स्नेही मुद्द्यास येईनात. शेवटी वहिनींनीच विषय काढला.

"भावजी, हा इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडायचं म्हणतोय. कबड्डी खेळायची म्हणे, आणि त्याच्यावरच पोट भरायचं. तुम्ही तरी चार शब्द सांगा."

उपदेश करण्याची आमची हौस वाचकांस ठाऊक आहे. परंतु या प्रसंगी आम्ही सावध झालो. "कोणासारखं व्हायचंय?" असे विचारताच चिरंजीवांनी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, "सिद्धार्थ देसाई." मग आम्ही म्हणालो, "ठीक आहे. त्याचाच हिशोब मांडू. उपदेश नको."

तो हिशोब वाचकांपुढेही ठेवावा असे वाटते. असा एखादा मुलगा आज पुष्कळ घरांत आहे.

कोल्हापूर जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकास चंदगड तालुका आहे. १९५६ पूर्वी तो बेळगाव जिल्ह्यात होता, आणि आजही तेथील माणसास कोल्हापुरापेक्षा बेळगाव जवळ. त्या तालुक्यातील हुंदळेवाडी हे देसाई यांचे गाव. वयाची पंचविशी उलटून गेल्यावर, २०१८ साली, प्रो कबड्डीच्या सहाव्या हंगामात ते प्रथम उतरले, ते मुंबईच्या संघाकडून. किंमत ३६ लाखांच्या आसपास. त्या एका हंगामात त्यांनी चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळविले आणि लोक त्यांना 'बाहुबली' म्हणू लागले. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या लिलावात, आमच्या हैदराबादच्या तेलुगू टायटन्सने त्यांच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. त्या वर्षीची ती सर्वांत मोठी बोली होती.

हंगामाचा पहिला सामना २० जुलै २०१९ रोजी गच्चीबोवलीच्या बंदिस्त क्रीडागारात झाला. समोर संघ कोणता, तर मुंबईचाच! ज्यांनी काल नाव मिळवून दिले त्यांच्याच अंगणात आज चढाई करावयाची. आमच्या घरी त्या रात्री दूरदर्शन संचापुढे दोन तट पडले. एक तट मुंबईचा, कारण मुंबई ती मुंबई. दुसरा तट देसाईंचा, कारण ते आता आपल्या गावचे. मुंबई ३१-२५ अशी जिंकली, आणि घरात कोणासच धड आनंद झाला नाही. तरी त्या हंगामातही देसाईंनी दोनशेचा टप्पा ओलांडला.

येथवरची कथा चिरंजीवांना तोंडपाठ होती. पुढची ते जरा घाईने सांगू लागले, म्हणून आम्ही त्यांना थांबविले. २०२१ च्या लिलावात किंमत १ कोटी ३० लाख. करोनामुळे तो हंगाम बंगळुरूस प्रेक्षकांविना झाला. थोड्याच सामन्यांनंतर देसाई जायबंदी झाले आणि उरलेला हंगाम त्यांना बाहेर बसावे लागले. २०२२ मध्ये त्याच संघाने त्यांना पुन्हा घेतले, ते २० लाखांस. माणूस तोच, गाव तेच, अंगी असलेली विद्याही तीच. भाव मात्र एका वर्षात सहाव्या हिश्श्याहूनही खाली आला. पुढे २०२३ मध्ये हरियाणाच्या संघाने त्यांच्यासाठी १ कोटी मोजले. भाव पुन्हा पाचपट!

३६, १४५, १३०, २०, १००. हे आकडे आम्ही कागदावर एकाखाली एक लिहिले आणि कागद स्नेह्यांच्या हाती दिला. ते आयुष्यभर हिशोबाच्या खात्यात राहिलेले. बराच वेळ पाहून म्हणाले, "ही पगाराची पाटी नव्हे, हा तुरीचा बाजारभाव झाला."

ते खरेच आहे. चढाईस मुदत तीस सेकंदांची. मोठ्या चढाईपटूने सामन्यात वीस चढाया केल्या असे धरले आणि २०२३ च्या हंगामाप्रमाणे साखळीतील बावीसही सामने तो खेळला, तरी साऱ्या हंगामाची प्रत्यक्ष चढाई तीन तास चाळीस मिनिटांहून अधिक भरत नाही. त्या पावणेचार तासांकरिता वर्षभर व्यायाम, वर्षभर पथ्य. आणि त्यांतील कोणत्याही एका तीस सेकंदांत गुडघा किंवा खांदा जाण्याचे भय. संघ बारा. प्रत्येकी वीसेक खेळाडू धरले तर देशी-विदेशी मिळून जागा अडीचशेच्या आत. २०२३ मध्ये पवन सेहरावत यांना तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजारांस घेतले, ही बातमी घरोघरी पोहोचली. त्याच लिलावात सर्वांत खालच्या गटाची मूळ किंमत ९ लाख होती आणि कित्येकांना तेवढ्यासही कोणी पुकारले नाही, ही बातमी कोण सांगणार?

वाचकांस वाटेल, आम्ही मुलाला परावृत्त करीत होतो. तसे नाही. खेळाबद्दल पैसे घेण्यात कमीपणा आहे असे मानणाऱ्यांतले आम्ही नाही. या वादाचा उगम पाहावयाचा तर इंग्लंडात जावे लागते. तेथील उत्तर भागातील गिरण्यांत आणि खाणींत राबणारे लोक रग्बी खेळत. शनिवारी सामन्यासाठी पाळी बुडाली की मजुरीही बुडे. ती बुडालेली मजुरी क्लबाने भरून द्यावी, एवढीच मागणी. खेळाच्या वरिष्ठ मंडळास ती मान्य होईना. त्यांच्या मते सद्गृहस्थ पैशासाठी खेळत नसतो. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड गावी उत्तरेकडील क्लब एकत्र जमले आणि वेगळे झाले. त्यातूनच तेरा गड्यांची व्यावसायिक 'रग्बी लीग' उदयास आली. विशेष हे की, उघडपणे पैसे देण्यास मुभा मिळाल्यावरही आरंभीची काही वर्षे खेळाडूचा दुसरा कामधंदा असलाच पाहिजे असा त्यांचा नियम होता. एक पाय मैदानात, दुसरा गिरणीत.

आपल्याकडे हेच वेगळ्या रीतीने घडले. आपण खेळाचे पैसे दिले नाहीत, खेळाडूस नोकरी दिली. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स करंडक जिंकणारा हैदराबादचा फुटबॉल संघ होता पोलिसांचा. कबड्डीतही रेल्वे, पोलीस, बँका आणि मोठ्या कंपन्या यांचेच संघ गाजले. हुतूतूच्या या खेळास नियमांची शिस्त लावून देशभर नेणारे शंकरराव तथा बुवा साळवी, १९७२ साली या खेळातील पहिला अर्जुन पुरस्कार मिळविणारे सदानंद शेट्ये, १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक आणणाऱ्या संघातील अशोक शिंदे आणि राजू भावसार, या पिढ्यांना लिलाव माहीत नव्हता. २०१४ साली पहिला लिलाव झाला तेव्हा सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजारांची होती. आज तिचेही हसू येईल. परंतु त्या जुन्या नोकरीत एक गोष्ट होती: गुडघा गेला तरी पहिल्या तारखेस पगार येई.

"मग काका, तुमचं म्हणणं काय? खेळू नको?" चिरंजीवांनी विचारले.

आम्ही त्यांना १ मार्च २०२४ ची गोष्ट सांगितली. त्या दिवशी आम्ही नामपल्लीहून मेट्रोने अमीरपेठेस आणि तेथे गाडी बदलून रायदुर्गपर्यंत गेलो, पुढे रिक्षाने क्रीडागार गाठले. दहाव्या हंगामाचा अंतिम सामना आमच्याच गावी होता. पुण्याचा संघ, कर्णधार अस्लम इनामदार. समोर हरियाणा, आणि त्यांच्या बाजूने चढाईस येणारे सिद्धार्थ देसाई व शिवम पठारे, दोघेही मराठी! पुण्याच्या पंकज मोहिते यांनी एका चढाईत चार गडी टिपले तेव्हा आम्ही उभे राहिलो. आणि देसाई मध्यरेषा ओलांडून आले तेव्हाही, लाज वाटली तरी, उभे राहिलो. पुणे २८-२५ असे जिंकले आणि प्रथमच विजेते झाले. भाव वीस लाखांवर आला त्या वर्षी हा माणूस घरी बसला असता, तर त्या रात्री त्याला आम्ही पाहिले नसते.

"तेवढं तुला जमणार असेल," आम्ही म्हणालो, "तर खेळ. पण त्या वर्षी घरभाडं कशातून द्यायचं, त्याचं उत्तर आधी तयार ठेव. ते उत्तर म्हणजे तुझी पदवी."

चिरंजीव गप्प झाले. वहिनी आमच्याकडे कृतज्ञतेने पाहू लागल्या, तेव्हा आम्ही स्नेह्यांकडे वळलो. "तुम्ही त्याला खेळताना कधी पाहिलंत?"

स्नेह्यांनी चष्मा काढून पुसला. पाहिले नव्हते. चार वर्षे मुलगा गुडघे फोडून घरी येत होता. आई हळद लावीत होती, आणि वडील विचारीत होते ते गुण परीक्षेतले.

शेवटी दोघांत करार झाला. मुलाने पदवी पुरी करावयाची, खेळ सोडावयाचा नाही. आणि वडिलांनी येत्या रविवारी मैदानावर जावयाचे. कराराचे साक्षीदार आम्ही.

रविवारी सकाळी स्नेही आम्हालाही घेऊन गेले. सामना साधाच, महाविद्यालयांमधला. चिरंजीवांची दुसरी चढाई. तिघांनी पकडले, तरी घसटत घसटत हात रेषेला लागला. शेजारी कोणी तेलुगूत ओरडले. स्नेही काही बोलले नाहीत. पण आमचे मनगट त्यांनी इतके घट्ट धरले होते की घरी आल्यावर त्यावर त्यांच्या बोटांचे वळ दिसत होते.