नाव आपले, बिऱ्हाड भाड्याचे

आमच्या मंडळाने संकेतस्थळासाठी जागा भाड्याने घेतली, तेव्हा होस्टिंग कंपनीने डोमेन ‘फुकट’ दिले. पुढे कंपनी बदलू गेलो, तो नोंदणी तिच्याच नावे निघाली! जन्मभर बदल्या सोसणाऱ्या आम्हांला एवढे उमजू नये? सरकारी क्वार्टर सुटते. म्हणून गावच्या सातबाऱ्यावर परक्याचे नाव कोणी चढवू देतो काय?

दोन्ही एकाच ठिकाणी घेणे सोयीचे, असे कोणी म्हणेल. खुशाल घ्यावे, पण डोमेन मंडळाच्याच नावे नोंदवून घ्यावे. मग होस्टिंग बदलले तरी नेमसर्व्हरच्या नोंदी तेवढ्या बदलाव्या लागतात. २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ही मिळते. आपले नाव दुसऱ्याच्या दप्तरी गहाण टाकणे ही काटकसर नव्हे. तो निव्वळ आळस होय.