बुडालेले जहाज म्हणजे भंगार नव्हे

ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळच्या व्यापारी बांधवांना समुद्राच्या तळाशी पडलेल्या जहाजांची गोष्ट सांगू लागलो, तर ती थट्टा वाटण्याचा संभव आहे. येथून समुद्र चारशे किलोमीटरांहून दूर. तरीही व्यापाराच्या या पानावर हा विषय आम्ही जाणूनबुजून घेत आहोत. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर बुडालेली जहाजे दाखवण्याचा धंदा आकार घेत आहे. त्यात रोजगार आहे, जिवाची जोखीम आहे, आणि कायद्याची अशी एक गाठ आहे की जन्मात समुद्र न पाहिलेला आमचा भंगारवाला किंवा जुन्या पितळेचा व्यापारीही तीत अडकू शकतो.

पाठीला हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरण्याला स्कूबा डायव्हिंग म्हणतात. मालवण-तारकर्लीला गेलेल्या पर्यटकांनी हा प्रकार पाहिला असेल. तेथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची हे शिकवणारी संस्थाही आहे. आतापर्यंत लोक तेथे मासे आणि प्रवाळ पाहायला उतरत. आता त्यात जहाजाची भर पडत आहे. भारतीय नौदलाची 'गुलदार' ही सुमारे 84 मीटर लांबीची नौका रणगाडे आणि सैनिक किनाऱ्यावर उतरवण्यासाठी पोलंडमध्ये बांधलेली होती. 1985 साली ती नौदलात दाखल झाली आणि जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झाली. 2025 साली ती महामंडळाच्या हवाली करण्यात आली. सिंधुदुर्ग जिल्ह्यात निवतीच्या खडकांजवळ ती तळाशी बसवायची, तिच्यावर प्रवाळ आणि मासे वाढू द्यायचे आणि ती पाणबुड्या पर्यटकांना दाखवायची, अशी ही योजना.

या योजनेवर टीका करणारे आहेत, पण आमचे मत अनुकूल आहे, आणि ते व्यापाऱ्याच्या हिशोबाने आहे. जुने जहाज गुजरातमध्ये अलंगच्या किनाऱ्यावर नेऊन तोडले, तर पोलाद वजनावर एकदाच विकले जाते. तेच जहाज नीट साफ करून, तेल आणि तारा काढून तळाशी बसवले, तर होडीवाला, खानावळवाला, लॉजवाला आणि यंत्र दुरुस्त करणारा या सर्वांचे पोट त्यावर वर्षानुवर्षे चालते. एकदाच्या विक्रीपेक्षा कायमचे भाडे बरे, हे दुकानाचा गाळा असलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

पण मुद्दाम बुडवलेले जहाज वेगळे आणि शे-दोनशे, चारशे वर्षांपूर्वी वादळात किंवा खडकावर आपटून बुडालेले जहाज वेगळे. दुसऱ्या प्रकारची जहाजे आपल्या किनाऱ्यावर आहेत, याची फारशी चर्चाच होत नाही.

गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिच्या पाणबुड्या संशोधकांनी मुरगावच्या खाडीच्या तोंडाशी सुंची नावाच्या खडकाजवळ एका जहाजाचे अवशेष अभ्यासले. जहाज सतराव्या शतकाच्या सुमाराचे, पोर्तुगीज व्यापारातले. लाकूड जवळपास गेलेलेच, पण लोखंडी तोफा, नांगर, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, हत्तीचे दात आणि पाणघोड्याचे दात मिळाले. पाणघोडा हिंदुस्थानात नाही. म्हणजे हा माल आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेला. दात येथे येत ते कोरीव काम करणाऱ्या कारागिरांसाठी. कुठल्या तरी कारागिराचा कच्चा माल त्या दिवशी बुडाला आणि कुणाची तरी उधारी बुडाली, असेच आम्हाला ही यादी वाचताना वाटले.

सेंट जॉर्जच्या खडकाजवळचे दुसरे जहाज तर कारखानदारांना धडाच आहे. त्यात कौले, विटा आणि खांबांचे मातीचे सुटे भाग भरलेले होते. जहाजाचे नाव सापडले नाही, कागद तर कुठून सापडणार? पण कौलांवर बासेल मिशनच्या कौलांच्या कारखान्याचा शिक्का आणि 1865 हे साल होते. एवढ्या शिक्क्यावरून माल कुणाचा हे ठरले आणि जहाज त्या सालानंतरच बुडाले असले पाहिजे, हेही ठरले. आपल्या मालावर नावाचा शिक्का मारायला आमचे कित्येक कारागीर आजही कंटाळा करतात, हे या निमित्ताने सांगितल्यावाचून राहवत नाही. तिसरे जहाज अमी शोल्स या उथळ जागी आहे आणि ते वाफेवर चालणारे होते. त्याचा बॉयलर आणि भट्टीच्या विटा तेथे पडून आहेत.

असे जहाज म्हणजे एका दिवशी बंद झालेली खतावणी. राजवाड्याच्या उत्खननात राजाची श्रीमंती दिसते. बुडालेल्या जहाजात व्यापाऱ्याचा माल दिसतो. कोणता माल, किती, कुणाचा, कशात बांधलेला, कशाखाली ठेवलेला, हे सगळे जागच्या जागी असते. ही जागच्या जागी असलेली मांडणी हेच त्याचे मोल. वरची दोन भांडी कुणी उचलून नेली की खतावणीची पाने फाटली. मग उरलेल्या पानांचा हिशोब लागत नाही.

आमच्या भागाचा समुद्राशी संबंध काय, असे कुणी विचारील. शिरूर अनंतपाळच्या पश्चिमेला तेर आहे, पूर्वीचे तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेल्या समुद्रव्यापाराच्या एका वाटाड्या-पुस्तकात तगरचे नाव आहे. तेथून साधे कापड आणि तलम मलमल गाड्यांत भरून भडोच बंदरापर्यंत जात असे, अशी त्यात नोंद आहे. दुसऱ्या बाजूला बिदर. ज्यांच्या मदरशाची इमारत आजही बिदरमध्ये उभी आहे, ते बहमनी वजीर ख्वाजा महमूद गवान इराणच्या गिलानहून आले ते व्यापारी म्हणून. 1453 च्या सुमारास ते दाभोळ बंदरात उतरले आणि तेथून बिदरला गेले. त्यानंतर काही वर्षांनी अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी जहाजात एक घोडा घालून चौलला उतरला, आणि जुन्नरवरून तोही बिदरलाच पोहोचला. होर्मुझचे घोडे दाभोळ-चौलला उतरत आणि दख्खनच्या पठारावर चढत. तेव्हा अरबी समुद्रात जी जहाजे बुडाली, त्यांपैकी काहींच्या मालाला बिदर, उदगीरच्या बाजारात गिऱ्हाईक वाट पाहत बसलेले असणार. हे अंतर आज आम्हाला फार वाटते, त्यांना वाटत नव्हते.

आता याच मालाचा बाजार झाला की काय होते, ते पाहू. 1998 साली इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ समुद्रकाकड्या काढायला बुडी मारणाऱ्या कोळ्यांना चिनी भांड्यांचा ढीग सापडला. ते जहाज नवव्या शतकातले निघाले. बांधणी अरबी पद्धतीची, एकही खिळा नाही, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. आत साठ हजारांच्या आसपास वस्तू होत्या. एका वाडग्यावर चिनी साल होते, इसवी सनाच्या हिशोबाने ते 826 येते. बगदादच्या खलिफांच्या काळात आखातातले व्यापारी चीनपर्यंत थेट जात होते, याचा हा पाण्यातून निघालेला पुरावा. ज्यांच्या बापजाद्यांनी तिजारत केली त्या प्रत्येकाला याचा अभिमान वाटावा.

पण हा माल वर काढला तो एका खासगी कंपनीने, घाईघाईने, आणि 2005 साली तो सिंगापूरला सुमारे 3 कोटी 20 लाख डॉलरला विकला गेला. आज तो तेथल्या संग्रहालयात आहे. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेने त्याचे प्रदर्शन भरवायचे ठरवले होते. नफ्यासाठी उपसलेला माल मांडू नये, असा आक्षेप पुरातत्त्वाच्या जाणकारांनी घेतला, आणि 2011 साली ते प्रदर्शन बारगळले. कंपनीच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. तिने उचलले नसते तर कोळी आणि दलाल यांनी एक एक वाडगा करून तो माल विकला असता. निदान तो एका ठिकाणी राहिला. हे आम्ही मान्य करतो. पण ज्या कोळ्यांनी तो शोधला त्यांची पुढची पिढी त्या जागी काही दाखवून कमावू शकली असती, ती वाट बंद झाली, हेही तितकेच खरे.

युनेस्कोचा 2001 चा करार याच कारणाने सांगतो की शंभर वर्षे पाण्याखाली असलेले अवशेष शक्यतो जागीच ठेवावेत आणि त्यांचा व्यापार करू नये. यात नुसती भावना नाही, लोहारकीही आहे. शेकडो वर्षे खाऱ्या पाण्यात राहिलेल्या लोखंडात मीठ मुरलेले असते. तोफ वर काढून उन्हात ठेवली की काही महिन्यांत तिचे पापुद्रे सुटतात. ते मीठ काढायला तोफ वर्षानुवर्षे खास द्रावणात ठेवावी लागते. स्वीडनचे 'वासा' हे 1628 साली बुडालेले जहाज 1961 साली वर काढले, तेव्हा लाकूड आक्रसू नये म्हणून त्यावर सतरा वर्षे औषधाचे फवारे मारावे लागले. एवढे सांभाळायची ऐपत नसेल, तर समुद्रच चांगला तिजोरीवाला आहे.

भंगाराच्या आणि जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांनी आता पुढचा मजकूर सावकाश वाचावा. 1972 च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तू पुरावस्तू ठरू शकतात. त्यांच्या खरेदी-विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो, आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. समुद्रातून आलेली वस्तू या कायद्यातून सुटत नाही. किनाऱ्यावरून आलेल्या पितळेच्या पोत्यात जहाजाची घंटा, तांब्याच्या पत्र्याचे हिरवे पडलेले तुकडे किंवा अक्षरे कोरलेली जुनी झडप निघाली, तर वजन करून वितळवायला पाठवण्याआधी थांबावे. माल कुणाकडून घेतला याची पावती ठेवावी आणि पुरातत्त्व खात्याला कळवावे. हाच नियम थोड्या फरकाने शेतालाही लागू आहे. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. आमच्याकडे नांगरटीत नाणी निघाली की ती आधी सराफाकडे जातात, आणि पोलीस आले की सराफ आणि शेतकरी एकमेकांकडे बोट दाखवतात.

मग कारागिराने कमवायचे कशावर? नकलेवर, आणि ती नक्कल म्हणूनच विकून. रुरकी आणि मुरादाबादच्या कारागिरांनी पितळी होकायंत्रे, दुर्बिणी आणि जहाजी दिवे बनवून परदेशापर्यंत बाजार मिळवला आहे. गोव्याच्या दुकानांत हा माल दिसतो, कधी कधी 'जुना' म्हणून खपवलेलाही दिसतो, आणि हीच खोट आहे. बिदरचे बिदरी काम आमच्या उंबऱ्याशी आहे. निवतीला किंवा गोव्याला येणारा पर्यटक गलबत, तोफ, नांगर यांची बिदरी किंवा पितळी नक्कल घेऊन जाईल, पण तिच्यावर कारागिराचे नाव आणि गावाचे नाव हवे. खोट्या जुनेपणाला एकदाच भाव मिळतो.

दुसरे काम यंत्राचे आहे. पाणबुड्याच्या टाकीत साधारण 200 बार दाबाने हवा भरतात. त्याचा कंप्रेसर पंक्चरच्या दुकानातल्या कंप्रेसरसारखा नसतो. त्यातून तेलाचा वास किंवा इंजिनाचा धूर हवेत गेला, तर खाली गेलेला माणूस बेशुद्ध पडू शकतो. म्हणून गाळण्या वेळेवर बदलणे, झडपा तपासणे आणि टाक्यांची पाण्याच्या दाबाने ठराविक मुदतीने चाचणी घेणे, हे नेमके काम जाणणारा मिस्त्री लागतो. आमच्याकडे मोटारी, फ्रिज आणि फवारणी पंप दुरुस्त करणारी कितीतरी हुशार पोरे चौकात बसून आहेत. त्यांना हे शिकायला वर्षे लागणार नाहीत.

प्रत्यक्ष बुडी मारण्याचे काम मात्र थट्टेचे नाही. दर दहा मीटर खोलीला वातावरणाएवढा दाब वाढतो. खाली घेतलेली हवा वर येताना फुगते, म्हणून श्वास रोखून वर येणे जिवावर बेतते, आणि वर यायचे ते सावकाश. जुन्या जहाजाच्या आत शिरणे तर आणखी वेगळे. गाळ उठला की हात दिसत नाही, अडकलेली जाळी पायात येते, आणि डोक्यावर छत असल्याने सरळ वर येता येत नाही. शिक्षण न घेतलेल्या पर्यटकाला पैशासाठी जहाजाच्या आत नेणाऱ्याचा परवाना काढून घ्यावा, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. तसेच जुन्या जहाजांच्या जागी कायमचा तरंगता पिंप बांधावा, म्हणजे होड्या त्यालाच दोर लावतील आणि आपला नांगर अवशेषांवर टाकणार नाहीत. राखणदारीचे काम त्याच गावच्या कोळ्यांना पगार देऊन सोपवावे. आणि काही जहाजे धंद्यातून पूर्ण वगळावीत. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ज्यांच्या घरातले त्यात गेले त्यांच्यासाठी ती कबर आहे, स्मशान आहे. तेथे तिकीट लावू नये.

विहिरीत मोटार अडकली की बुडी मारून दोर बांधणारे तरुण शिरूर अनंतपाळ, निलंगा, उदगीर भागात प्रत्येक मोठ्या गावात असतात. त्यांच्यातला कुणी या कामाकडे वळणार असेल, तर कान, छाती आणि दमा यांची डॉक्टरकडून तपासणी आधी करून घ्यावी, आणि हातात प्रमाणपत्र पडेल अशाच ठिकाणी शिकावे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला आणि पाणी गढूळ असते, तेव्हा हे काम बंद असते. ऑक्टोबरनंतर तारकर्लीला चौकशी करावी.