मनगटावरचे खोटे नाणे

सुट्टीत प्रवासाला गेलेली माणसे परतली की त्यांनी काय पाहिले यापेक्षा काय आणले, याचीच चौकशी आपल्याकडे अधिक होते. आमचे एक स्नेही यंदा सहकुटुंब हैदराबादला जाऊन आले. 2024 सालापासून वास्को आणि सिकंदराबाद यांच्यामध्ये आठवड्यातून दोनदा थेट गाडी धावू लागल्यामुळे गोमंतकीयांना तिकडे जाणे सुलभ झाले आहे. हुबळी, बल्लारी, गुंटकल, कर्नूल असा प्रवास करीत ही गाडी काचीगुड्याला पोहोचते. 1916 साली निजामाच्या रेल्वेने उभारलेले ते घुमटांचे स्थानक मराठी माणसाला परके नाही. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबादलाच जोडलेला होता आणि नांदेड-परभणीकडील कितीतरी माणसे शिक्षणासाठी, नोकरीसाठी, कोर्टकचेरीसाठी याच फलाटावर उतरली.

आमचे स्नेही तेथे उतरले, चारमिनार पाहिला, सालारजंग संग्रहालय पाहिले, आणि परतीच्या दिवशी काचीगुड्याच्या एका पदपथावरून ‘रोलेक्स’चे घड्याळ घेऊन आले. विक्रेत्याने चार हजार सांगितले, सौदा पंधराशेत तुटला. खऱ्या रोलेक्सला कित्येक लाख रुपये पडतात हे स्नेह्यांना ठाऊक आहे. विकणाऱ्या पोरानेही ते लपविले नाही. ‘फर्स्ट कॉपी आहे साहेब, कोणाला ओळखू यायचे नाही,’ असे त्याने उघड सांगितले. म्हणजे या व्यवहारात विकणाऱ्याने घेणाऱ्याला फसविले नाही. मग फसविले कोणी आणि कोणाला, हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

‘कोणाला ओळखू यायचे नाही’ या चार शब्दांचीच ती किंमत होती. वेळ पाहण्यासाठी पंधराशे रुपये खर्चायचे असते तर त्या पैशात प्रामाणिक नावाचे, हमीपत्रासह मिळणारे भारतीय घड्याळ कोणत्याही दुकानात मिळाले असते. स्नेह्यांना घड्याळ नको होते, लग्नकार्यात समोर बसणाऱ्या सोयऱ्याची समजूत हवी होती. खोटे नाणे अजाणता खिशात आले तर तो दुर्दैवी अपघात. ते जाणूनबुजून विकत घेऊन बाजारात चालविणे याला दुसरे नाव आहे. आमच्या स्नेह्यांसारख्या सत्शील गृहस्थाला हे सांगताना आम्हांला संकोच वाटला, परंतु सांगितले.

त्यावर त्यांनी जो युक्तिवाद केला तो अगदीच टाकाऊ नव्हता. जिनिव्हातील धनाढ्य कंपनीचे यात काय बुडाले? जो मनुष्य जन्मात लाखांचे घड्याळ घेणार नाही, त्याने पंधराशेचे घेतले म्हणून कंपनीचे एक तरी गिऱ्हाईक कमी झाले काय? शिवाय पोलाद आणि काच यांना लाखो रुपये घेणे ही तरी कोणती सचोटी? यातील पहिले दोन प्रश्न बिनतोड आहेत, असे आम्ही प्रांजळपणे मान्य करतो. रोलेक्सची मालकी आज एका प्रतिष्ठानाकडे आहे आणि काचीगुड्याच्या पदपथामुळे त्याच्या तिजोरीला ओरखडाही उठणार नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र सोपे आहे. किंमत अवाच्या सवा वाटत असेल तर ती वस्तू घेऊ नये. तिच्यावर तोंडसुख घेऊन तिचेच नाव मनगटावर बांधणे, हा कोणता निषेध? परदेशी कापडाची होळी करणाऱ्यांनी त्या कापडाची नक्कल करून अंगावर घातली नव्हती.

तरीही जिनिव्हाची काळजी जिनिव्हाने करावी. आमची काळजी काचीगुड्यापासून पन्नासएक किलोमीटरवर असलेल्या पोचमपल्लीची आहे. 1951 साली विनोबांना भूदानाची पहिली जमीन मिळाली ती याच गावी. तेथील विणकर सूत विणण्यापूर्वीच ते मोजून, बांधून, रंगवून घेतात आणि मग मागावर ती नक्षी धाग्याधाग्याने जुळवीत आणतात. या इकत कापडाला भौगोलिक मानांकन मिळून वीस वर्षे होऊन गेली. तरीही तीच नक्षी साध्या कापडावर छापून ‘पोचमपल्ली’ म्हणून शहरात विकली जाते. पाहणाऱ्याला, विशेषतः सुट्टीवर आलेल्या पाहुण्याला, फरक कळत नाही. विणकराकडे वकील नाही, जाहिरात नाही, जिनिव्हात कचेरी नाही. त्याच्या गावाचे नाव एवढेच त्याचे भांडवल. ‘नावात काय आहे, दिसायला तर सारखेच’ हे वाक्य ज्या जिभेने घड्याळाच्या बाबतीत उच्चारले, तीच जीभ साडीच्या दुकानात निराळे काय बोलणार? बनावट घड्याळ घेताना ग्राहकाच्या मनाला जी सवय लागते ती श्रीमंताच्या दारात थांबत नाही, ती खाली उतरत गरिबाच्या मागापर्यंत जाते.

घड्याळांच्या जगातच याचा दाखला आहे. 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूरला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला. ‘जनता’ हे त्यांच्या एका घड्याळाचे नावच बोलके होते. दहावी पास झालेल्या मुलाला, नव्या जावयाला, सेवानिवृत्त होणाऱ्या मास्तरांना हेच घड्याळ दिले जाई. 2016 साली एचएमटीची घड्याळे बंद करण्याचा निर्णय सरकारने घेतला. त्यानंतर जुन्या यंत्रावर नवी रंगवलेली तबकडी बसवून ‘न वापरलेले एचएमटी’ म्हणून विकण्याचा धंदा तेजीत आला. सामान्य माणसाच्या घड्याळाचीही नक्कल होऊ लागली! येथे तर ‘कंपनीने लुटले’ ही सबबही उरत नाही.

आता कायद्याविषयी. 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार खोट्या चिन्हाचा माल विकणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. स्वतःच्या वापरासाठी एखादे घड्याळ घेणाऱ्याला मात्र हा कायदा हात लावीत नाही. इटलीत असा माल घेणाऱ्या पर्यटकालाही तीनशे ते सात हजार युरो दंड भरावा लागतो. आपल्याकडेही तसेच करावे, असे आम्ही म्हणणार नाही. पोलिसांच्या हाती प्रवाशांची मनगटे तपासण्याचा आणखी एक अधिकार देण्यात आम्हांला मुळीच रस नाही. परंतु धाड पडते तेव्हा पकडला जातो तो रोजंदारीवर पेटी घेऊन उभा असलेला पोरगा. माल बनविणारा दूर कोठेतरी असतो आणि ज्याच्या हौसेवर हा सारा डोलारा उभा आहे तो गृहस्थ एव्हाना वास्कोच्या गाडीत डबा उघडून बसलेला असतो. निदान हे चित्र त्या गृहस्थाच्या डोळ्यांसमोर असावे.

गोमंतकाने या विषयावर फार सोवळेपणाने बोलू नये, हेही खरेच. 1961 पूर्वी पोर्तुगीज अमलात येथे परदेशी मालाची रेलचेल होती आणि येथून सीमेपलीकडे सोने व घड्याळे चोरून जात. तो चोरटा माल निदान अस्सल असे, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येईल! आज आमच्या किनाऱ्यावरील पर्यटकांच्या बाजारांत मोठमोठ्या नावांचे चष्मे आणि घड्याळे कोणत्या भावाने मिळतात ते सर्वांना ठाऊक आहे. काचीगुड्याचा पोरगा जे आमच्या स्नेह्यांना विकतो, तेच आम्ही हैदराबादहून आलेल्या पाहुण्यांना विकतो.

आणि त्याच बाजारांत काजूही विकला जातो. 2023 साली गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यापूर्वी 2009 साली फेणीला मिळाले होते. परदेशातून आणलेला काजू गोव्याच्या नावाने पर्यटकांच्या गळ्यात मारला जातो, अशी येथील काजू कारखानदारांची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. सरकारने दुकानांची तपासणी करावी, पाकिटावर काजू कोठला ते छापावयास लावावे, ही त्यांची मागणी आम्ही उचलून धरतो. फक्त त्या तपासणीस निघालेल्या अधिकाऱ्याने काजूच्या शेजारी मांडलेली घड्याळांची पेटी पाहून मान वळवू नये, आणि तपासणीची मागणी करणाऱ्या आम्ही मंडळींनी व्यासपीठावर जाण्यापूर्वी आपली मनगटे एकदा पाहून घ्यावीत. आमच्या स्नेह्यांनी आपले घड्याळ तूर्त कपाटात ठेवले आहे. टाकून दिलेले नाही.