पाहुण्याला नकाशा, आम्हाला हप्ता

मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत माल उचलतो. गाव गोरेगाव, जिल्हा हिंगोली. जिल्ह्यात औंढा नागनाथ, नर्सी नामदेव. पर्यटनाचा नकाशा निघाला की पाहुण्याच्या गाडीला जागा, चपलेला जागा, देवाला रोषणाई. घटकाभर टेकणाऱ्याची केवढी काळजी!

आणि जन्म काढणाऱ्याला? २०१६ ची प्रधानमंत्री आवास योजना : घर निदान २५ चौरस मीटर, चूल त्यातच. सपाट मुलखात १ लाख २० हजार, तेही हप्त्याहप्त्यानं. माय विचारते, "शेळी कुठं बांधू? सून बाळंत झाली तर म्या कुठं निजू?" २५ मीटरांत याचं उत्तर नाही.

ही रीत जुनीच. मंगळवेढ्याचं गावकूस बांधताना चोखोबा भिंतीखाली गाडला गेला, असं सांगतात. नर्सी ज्याचं नाव लावते त्या नामदेवानं त्याची हाडं पंढरीला नेली. समाधी मात्र देवळाबाहेरच. भिंत बांधायला आम्ही, आत दुसरे!

आता आमचं म्हणणं सरळ हाय. घरकुलाचा नकाशा वस्तीत बसून काढा, त्याच्यावर मायचा अंगठा घ्या. नाहीतर तो कागद आम्ही शेळीला घालू.