टीव्हीखालचा ऑर्गन

गेल्या शनिवारी साताऱ्याहून सांगलीला आत्याकडे गेलो होतो. माजघरात आजोबांचा ऑर्गन आहे. सध्या त्यावर टीव्ही असतो. टीव्ही उचलून ठेवला, पायाने भाता मारला, तर नुसतं फस्स्! आत्या म्हणाली, "भंगारवाला दीड हजार देतोय. देऊन टाकू का रे?" मी चटकन "नको" म्हणालो. का नको, ते मात्र सांगता आलं नाही. म्हणून हे लिहितोय.

चर्चमधला मूळचा ऑर्गन म्हणजे पाइप ऑर्गन. शेकडो नळ्या. हवा तापली की त्यांचा सूर चढतो, आपल्या पावसाळ्यात आतलं चामडं खराब होतं, आणि दुरुस्तीला जाणकारच लागतो. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलसारख्यांना तो परवडला. लहान गावातल्या चर्चना सोयीची पडली ती त्याची धाकटी बहीण, नळ्यांऐवजी पितळी पट्ट्यांची पायपेटी.

आणि ती आपल्या नाटकवाल्यांनी उचलली! बैठकीत हातपेटी बरी, पण तिथे एक हात भात्यात अडकतो. नाटकात खुर्चीवर बसून दोन्ही हातांनी वाजवायला पायाचाच भाता हवा. ज्या सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, ज्या मिरजेत १९०५ मध्ये बालगंधर्व 'शाकुंतल'मध्ये उभे राहिले, तिथे हा ऑर्गन घरचाच झाला.

मित्र म्हणतो, "कीबोर्डमध्ये ऑर्गनचा आवाज असतो की." असतो ना. पण त्याला पाय नसतात. गाणाऱ्याने श्वास घेतला की वाजवणाऱ्याचा पाय हलका होतो, ते बटणात कुठून येणार?

'परदेशी वाद्य, यात मींड नाही' म्हणून ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. तोवर पेटी जगली ती लोक वाजवत राहिले म्हणून. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मिळाला, आनंद आहे. पण कारागीर सर्टिफिकेटवर जगत नाही, कामावर जगतो. आपण काम दिलं नाही, तर भाता बदलणारा माणूसही जाईल, मग ऑर्गन ठेवून तरी काय उपयोग? आम्ही आयटीवाले वीस वर्षं जुना कोड चालू राहावा म्हणून रात्री जागतो. इथे तर फक्त भात्याचं कापड आणि चामडं बदलायचंय. पट्ट्या शाबूत आहेत.

असो. आत्याला टीव्हीसाठी भिंतीवरचा स्टँड पाठवतोय. ऑर्गन दुरुस्तीचा खर्च माझा.

तुमच्या घरी टीव्हीखाली काय आहे, जरा बघा.