सुई नेमकी कोणाला हवी असते?

१८ ते २४ नोव्हेंबर हा आठवडा जगभर प्रतिजैविकांच्या जपून वापरासाठी पाळला जातो. कुरुंदा गावाच्या शिवारात तेव्हा कापसाची वेचणी चालू असते. अंगात कणकण असली तरी उद्याची मजुरी बुडवून भागत नाही. म्हणून दवाखान्यात आलेली बाई म्हणते, "सुई टोचा डॉक्टरसाहेब, गोळ्यानं फरक पडंना." अशक्तपणा वाटला की सलाईन. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, बाकी पाणी. उलट्या-जुलाबांनी शरीर कोरडे पडले असेल तर तीच बाटली जीव वाचवते. कामाच्या थकव्यावर तिचा उपयोग नाही. विषाणूमुळे झालेल्या सर्दीवर प्रतिजैविकांचाही नाही. डॉ. अनंत फडके आणि लोकविज्ञान संघटना हे महाराष्ट्राला कित्येक वर्षे सांगत आले आहेत. डॉक्टरांना तर ते ठाऊकच असते.

मग सुई थांबत का नाही? पैसा हे एक कारण आहे आणि ते झाकू नये. पण सरकारी केंद्रांतही ही सवय आढळते. इंडोनेशियात संशोधकांनी अशाच केंद्रांतले उपचार करणारे आणि त्यांचे रुग्ण यांना समोरासमोर बसवले. उपचार करणाऱ्यांचा समज होता की लोकांनाच सुई हवी असते. लोकांशी बोलल्यावर तो डळमळला. १९९६ साली प्रसिद्ध झालेले या प्रयोगाचे आकडे बोलके आहेत: शंभरातल्या सुमारे ७० रुग्णांना सुई दिली जायची, ते प्रमाण ४२ वर आले. बैठका न झालेल्या केंद्रांत ते ७६ वरून ६७ पर्यंतच उतरले. नवे औषध नाही, नवा कायदा नाही. एकमेकांच्या मनात काय आहे याचा चुकीचा अंदाज तेवढा दूर झाला.

असे प्रयोग आपल्याकडे व्हायलाच हवेत, आणि कुरुंद्यापासून व्हावेत. विचारवंत नरहर कुरुंदकरांच्या घराण्याचे हे गाव. रूढ समजुतीला भर सभेत प्रश्न विचारण्याचे इथे कोणाला नवल वाटू नये. आरोग्य केंद्राचे डॉक्टर, खासगी दवाखानेवाले, आशाताई आणि वेचणीच्या बाया अशा सगळ्यांना ग्रामपंचायतीने नोव्हेंबरातल्या त्या आठवड्यात, कामावरून परतल्यानंतरच्या वेळी, एकत्र बोलवावे. भाषणे नकोत. डॉक्टरांनी एवढेच विचारावे: नीट तपासले, आजार समजावून सांगितला आणि सुई दिली नाही, तर तुम्ही दुसऱ्या दवाखान्यात जाल का?